तोंडावरचा हात

मी माझ्या मुलीचं तोंड दाबून धरलं होतं. किती वेळ, ते मला सांगता येत नाही. शेजारच्या बागेतला दामू म्हणतो, तो मधला दगडी गडगा ओलांडून येईपर्यंत, म्हणजे दोन-तीन मिनिटं असतील. स्नेहल तेव्हा तेरा वर्षांची होती.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ढकललं तर मी ते गाळून टाकीन. गाळण्यात मी पटाईत आहे. पंचवीस वर्षं मी एक गोष्ट गाळून गाळून सांगितली आणि लोकांनी त्यावर टाळ्या वाजवल्या. माझ्या आजाराचं मूळ त्यात आहे, असं आता मला वाटतं. ज्यांच्या घरात माझ्यासारखा एखादा माणूस लढाईवरून परत येऊन बसलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

बागेत

आमची कलमं देवगडच्या अलीकडे, समुद्र दिसेल अशा उघड्या कातळाच्या सड्यावर आहेत. फेब्रुवारीत कैरी धरली की माकडं उतरतात आणि एका सकाळीत झाड नासवून जातात. त्यांना हाकायला आमच्याकडे बार काढतात. प्लॅस्टिकच्या पाइपाची कार्बाईडची बंदूक असते, तिच्यात गोळी नसते, नुसता आवाज. मी फौजेतून निवृत्त होऊन आलो तेव्हा वाडीने मोठ्या विश्वासाने आजूबाजूच्या चार बागांची राखण माझ्याकडे दिली. बंदुकीचं काम म्हणजे फौजीचं काम. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही, उलट छाती फुगली.

माझा बार मी काढायचो तेव्हा मला काही व्हायचं नाही, कारण तो कधी वाजणार हे मला माहीत असायचं. त्या रविवारी दामूने नवी बंदूक आणली होती आणि मला न सांगता गडग्यापलीकडून बार काढला. स्नेहल नुकतीच माझा डबा घेऊन आली होती. ती "बाबा" म्हणाली की म्हणणार होती, तेवढंच आठवतं. पुढचं दामूने सांगितलेलं आहे. मी तिला खाली पाडलं, गडग्याच्या आडोशाला ओढलं, पाठीवर गुडघा ठेवला आणि तोंडावर हात. तिचा ओठ चिऱ्यावर आपटून फाटला. आणि मी सारखा म्हणत होतो, "बाबल, गप. बाबल, गप रव."

"सदा, सोड तेका," दामू म्हणाला. "चेडू आसा ता तुझा."

मी हात काढला. ती रडली नाही. सांडलेला भात तिने डब्यात परत भरला आणि चालत घरी गेली. त्या संध्याकाळी वैशाली, माझी बायको, तिला घेऊन मालवणला माहेरी निघून गेली.

शाळेतली गोष्ट

बाबल नाईक दोडामार्गकडचा. आम्ही एकाच दिवशी भरती झालो, एकाच पलटणीत गेलो, एकाच डोंगरावर चढलो. त्या लढाईचं नाव मी लिहीत नाही, तुम्हाला ते ठाऊक आहे, मुलांच्या पुस्तकात आहे. मी उतरलो, बाबल उतरला नाही.

परत आल्यावर पहिल्याच सव्वीस जानेवारीला शाळेने मला बोलावलं. मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो. मुलं मांडी घालून बसलेली, पुढे सरपंच, लाऊडस्पीकरवर गाणी. मुख्याध्यापकांनी विचारलं, "शेवटी काय म्हणाले ते?" मी त्या सगळ्या तोंडांकडे बघितलं आणि म्हणालो, भारतमातेचा जयजयकार केला आणि डोळे मिटले. टाळ्या थांबेनात. पुढच्या वर्षी मी तेच सांगितलं, त्यात थोडी भर घातली. मग ते बाबलच्या गावी त्याच्या स्मारकाच्या कमानीखाली संगमरवरावर कोरलं गेलं. दगडावर कोरलेल्या गोष्टीला मी खोटं कसं म्हणणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी देशाला दोष देत नाही. देशाला गोष्ट हवी असते आणि गोष्टीला शेवट लागतो, नाहीतर लोक घरी कसे जातील? पण मी त्या शेवटाबरोबर घरी जायचो आणि दुसरा शेवट माझी वाट बघत बसलेला असायचा. ताट आपटलं की मी उठून उभा. फटाके वाजले की दोन दिवस कुणाशी बोलणं नाही. वैशालीवर हात उगारला नाही कधी, पण तिच्यावर ओरडलो इतका, की तिने हळू चालायची सवय लावून घेतली. लोक म्हणायचे, फौजी डोकं आहे, तापतं. मीही तेच म्हणायचो.

कौल

बागेतल्या प्रकारानंतर आईने पहिली धाव देवळाकडे घेतली. गुरवाने देवाच्या पाषाणाला फुलाच्या कळ्या चिकटवल्या आणि विचारलं, ह्या लेकराला बाहेरचा लागलाय काय? उजव्या बाजूची कळी पडली. म्हणजे होय. मग पुढचं निघालं, की मेलेल्या दोस्ताचं काहीतरी मागणं राहिलंय.

काय राहिलं असेल यावर वाडीत चर्चा झाली. फौजी माणूस, त्याला काय हवं असणार? गावाच्या वेशीवर कोंबडा, नारळ, विडीचं बंडल आणि रमची छोटी बाटली ठेवून आलो. मी स्वतः हातांनी ठेवली. बाबलने जन्मात विडी ओढली नव्हती आणि रमचा वास आला की तो तंबूबाहेर जाऊन बसायचा. हे मला माहीत होतं, तरी मी गप्प राहिलो. वाटलं, सुटत असेल असंच तर सुटू दे.

आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी सड्यावर कुणीतरी बार काढला आणि मी भर दुपारी गोठ्यात गुरांच्या मागे जाऊन बसलो. आईने तीन वेळा हाक मारली, मी ओ दिली नाही. तीन हाकांनंतर तिला रडू फुटलं. असे सात आठवडे आम्ही वाया घालवले. देवाने खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही. बाबलचं मागणं खरंच राहिलं होतं, आम्ही भलतंच देऊन आलो.

नांदगावचा तिठा

पलटणीतल्या एका जुन्या सुभेदारांनी पुण्याच्या रुग्णालयाची व्यवस्था केली. गाडीत बसवायला वैशाली मालवणहून नांदगावच्या तिठ्यावर आली, एकटीच. माझी बॅग तिने भरली होती, त्यात माझा जुना स्वेटर, लोणच्याची बरणी आणि स्नेहलचा एकही फोटो नाही. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुमी बरे होऊन येवा. तवसर चेडवाक मी तुमच्या हातात देवचंय नाय."

गाडी आली. मी चढलो. तिने हात केला नाही, पण गाडी वळेपर्यंत तिथेच उभी होती, हे मी बघितलं.

पुण्यातल्या डॉक्टरबाई माझ्या भाचीच्या वयाच्या. झोप कशी? एकदम ठीक, मॅडम. जेवण? एकदम ठीक. राग येतो? नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमची खुर्ची माझ्यासमोर होती. तुम्ही ती ओढून भिंतीपाशी नेलीत, दरवाजा दिसेल अशी. कधीपासून असं बसता?"

मी मागे बघितलं. खरंच पाठ भिंतीला होती. मी खुर्ची कधी ओढली, मला पत्ता नव्हता.

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. लांबलचक इंग्रजी नाव आहे, मराठीत सांगायचं तर लढाई संपली तरी अंगातून न उतरण्याचा आजार. माझ्या अंगावर एक ओरखडा नव्हता. पाय गमावलेले लोक त्याच इमारतीत कुबड्या घेऊन फिरत होते आणि मी धडधाकट, मला कसला आजार? इतकी शरम मला कधीच वाटली नव्हती. गावात मी पाठदुखी सांगितली. पाठ दुखते म्हटलं तर लोक तेल सुचवतात, डोकं म्हटलं तर लांब सरकून बसतात.

वॉर्ड

आम्ही सहाजण होतो. सकाळी चहा, गोळ्या, मग चादरीच्या घड्या. घडी बिघडली तरी कुणी ओरडत नव्हतं, त्याचीच भीती वाटायची. दुपारी गोल करून बसवायचे आणि बोला म्हणायचे. पहिले वीस दिवस मी हवामानावर बोललो. गोळ्यांनी तोंडाला कोरड पडायची, दिवसभर पेंगायला व्हायचं, आणि डोळा लागला की तोच खडक. मी वैशालीला फोनवर सांगितलं की हे काही कामाचं नाही, मला घेऊन जा. ती म्हणाली, मीठ कमी खा, आणि फोन ठेवला. त्या दिवशी मला वाटलं, आता माझं जगात कुणी नाही.

एकदा जेवण वाढताना स्टीलची बादली पडली. डोळे उघडले तेव्हा मी खाटेखाली होतो. शेजारच्या खाटेखाली साताऱ्याचा हवालदार शिंदे होता, पलीकडे अजून एक, अजून एक. सहाच्या सहाजण खाटांखाली, फरशीवर पालथे, एकमेकांकडे बघत. शिंदे म्हणाला, "वरण गेलं रे." आम्ही हसायला लागलो. पोट दुखेपर्यंत हसलो आणि हसता हसता शिंदे रडायला लागला. आमच्या गल्लीत, वाडीत, घरात अशा वेळी आम्ही एकटेच खाली असतो आणि बाकी सगळे उभे असतात. तिथे कुणीच उभं नव्हतं. आजारपणातलं सुख म्हणून मला हे एवढंच आठवतं.

त्या संध्याकाळी मी डॉक्टरांना सांगितलं.

खडक

आम्ही एका खडकाच्या आडोशाला अडकलो होतो. शत्रू वर, आम्ही खाली. सकाळी बाबलच्या पोटात गोळी लागली. त्याने जयजयकार केला नाही. तो "आये" म्हणून हाक मारायला लागला. लहान पोर खेळताना पडल्यावर मारतं तशी, मोठ्याने, लांबवून. प्रत्येक हाकेला वरून गोळ्या यायच्या, कारण आवाजावरून त्यांना आमची जागा कळत होती. आमच्या साहेबांनी बोटाने खूण केली, त्याला गप्प करा. मी जवळ होतो. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

तो हाताखालीही हाक मारत होता. मला ते तळव्याला कळत होतं. कानात सांगत होतो, बाबल, गप, बाबल, गप रव. नंतर तळव्याला कळेनासं झालं. मला वाटलं, बरं झालं, शांत झाला. हात काढला तेव्हा दुपार झाली होती.

तो जखमेने गेला की माझ्या हाताने, हे मला माहीत नाही. मी डॉक्टरांना विचारलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, जखमेनेच. त्यांनी तसं म्हटलं नाही. म्हणाल्या, "हे कुणालाच कळणार नाही. न कळता जगायचं कसं, ते आपण बघू." त्या क्षणी मला त्यांचा राग आला. आज वाटतं, एवढ्या वर्षांत माझ्याशी खोटं न बोललेलं ते पहिलं माणूस.

परत

अडीच महिन्यांनी घरी आलो. घर म्हणजे आई आणि मी. गोळ्या चालू. दामू आता बार काढायच्या आधी फोन करतो, "सदा, पाच मिनटांनी बार काढतंय हां," आणि मी "काढ" म्हणून अंगणात दोन पाय रोवून उभा राहतो. राखण मी सोडली. कुठल्याही खोलीत शिरताना खाकरतो, हात दिसतील असे ठेवतो. बरा झालो म्हणाल तर नाही. एका दुपारी विहिरीच्या कठड्यावर बसलो होतो, पाणी काढायला नव्हे. आई आली, माझ्याकडे बघितलं आणि कळशी पुढे केली. "हंय बसलंस तर दोन कळशे काढ," म्हणाली. मी काढले. संध्याकाळी डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. कुणावर ती वेळ आलीच, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

दर रविवारी मालवणला जायचो. सासऱ्यांच्या ओटीवर बसायचो, वैशाली चहा आणायची. स्नेहल आतल्या खोलीत. ती निजताना ओढणी तोंडावरून घेते आणि टोक मुठीत धरते, असं वैशालीने सांगितलं होतं.  असे पाच महिने गेले. तेवढ्यात शाळेचं बोलावणं आलं, सव्वीस जानेवारीचं. मुख्याध्यापक नवे, पण म्हणणं जुनंच, "सदाभाऊ, तुम्ही बोललात की मुलांना स्फूर्ती मिळते." मी ओटीवर वैशालीला ते सांगत होतो, तर दाराआडून आवाज आला. पहिल्यांदाच.

"शाळेत सांगतास ता खरा, काय बागेत केलास ता खरा?"

मी तिला सांगितलं. दाराच्या ह्या बाजूने, तिच्याकडे न बघता, खडकाचं सगळं. मध्ये वैशाली उंबऱ्यावर बसली. माझं संपलं. मग स्नेहल म्हणाली, "ह्या त्याच्या आवशीक म्हायत आसा?"

"नाय."

"मगे तुमी बरे कशे होतलास?"

 मी येणार नाही असं मुख्याध्यापकांना कळवलं आणि दोडामार्गला बाबलच्या आईकडे जायचं ठरवलं. आदल्या दिवशी वैशालीचा फोन आला, की चेडू हट्टाला पेटलंय, म्हणतंय मी बरोबर जातलंय, नायतर बाबा अर्ध्या वाटेवरून परत फिरतले. पोरीने बापाला बरोबर ओळखलं होतं.

दोडामार्ग

बाबलची आई ऐंशीच्या पुढची. घरामागे काजूची झाडं, समोर रस्त्यावर ती कमान. मी दरवर्षी तिला भेटायचो आणि दरवर्षी ती मला एकच विचारायची, शेवटाक काय बोल्लो? आणि मी संगमरवरावरचं सांगायचो. ती नुसती मान हलवायची.

या वेळी तिने विचारायच्या आधी मी सांगितलं. हाक सांगितली, गोळ्या सांगितल्या, हात सांगितला. दुपार सांगितली. मला माहीत नाही हेही सांगितलं. स्नेहल खांबाला टेकून उभी होती. म्हातारी काजूच्या बिया निवडत होती, तिचे हात थांबले. मला वाटलं ती मला शिव्या घालील, आणि मला त्या हव्या होत्या.

"माका वाटलाच," ती म्हणाली. "माझो बाबल भाषण करणारो नव्हतो." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कशी मारल्यान हाक?"

मी म्हटलं, आये म्हणून.

"तशी नको. त्याना मारल्यान तशी मार."

 दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मग डोळे मिटले आणि मारली. मोठ्याने, लांबवून. पंचवीस वर्षं माझ्या तळव्यात अडकलेली ती हाक मी त्या ओटीवर मारली. शेजारची कुत्री भुंकायला लागली.

"ओ," ती म्हणाली. "ओ रे बाबल. हंय आसंय मी."

 तिने पदराने तोंड पुसलं, पुन्हा बिया पुढे ओढल्या, आणि मला म्हणाली, "परत येव नको असा मी म्हणनंय नाय. पण आज जा."

परतीच्या गाडीत स्नेहल माझ्या मागच्या सीटवर बसली. येतानाही तशीच बसली होती. सावंतवाडी गेल्यावर मागून म्हणाली, "बाबा, त्या दिवशी माका पण हाक मारूची होती."

"कोणाक?"

"तुमका," ती म्हणाली. "कोणतरी माका धरल्यान असा वाटला, तर तुमकाच ना हाक मारतलंय?"

मी पुढच्या सीटच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून बसलो.  कुडाळच्या स्टँडवर तिच्यासाठी पाणी आणायला उतरलो. बाटली घेऊन वळतो तर कंडक्टरने घंटी दिलेली, गाडी हलली होती.

"बाबा!"

तिने खिडकीतून अर्धी बाहेर येऊन हाक मारली. स्टँडवरचे लोक वळून बघायला लागले. मागून अशी मोठी हाक आली की मी जमिनीवर जातो, पंचवीस वर्षं जातोय. या वेळी गुडघे वाकले, पण मी पडलो नाही. मी "ओ" म्हटलं आणि पळत जाऊन गाडी पकडली.